बाळाचा पहिला जोडा

मराठी घरांत बाळाच्या प्रत्येक पहिल्या गोष्टीला नांव आहे. पहिला घांस उष्टावणाचा, पहिले केंस जावळाचे, पहिली संक्रांत बोरन्हाणाची. मूल पालथें पडलें, रांगूं लागलें, उंबरठा ओलांडून गेलें, तरी त्याचें कौतुक होतें. पण पहिल्या जोड्याला मात्र सोहळा नाहीं आणि नांवही नाहीं. श्रोतेहो, ही उणीव सहज राहून गेलेली नाहीं. ज्या समाजानें पहिल्या दांताचीही दखल घेतली, त्यानें पहिल्या जोड्याची घेऊं नये, ह्याचा अर्थ एकच आहे : तान्ह्या मुलाच्या पायांत जोडा घालण्याची रीतच आपल्याकडे नव्हती. ती कोणत्या वाटेनें आली, कां आली, आणि तिच्यांतलें आपण काय ठेवावें व काय सोडावें, हें आज पाहावयाचें आहे.

पादत्राणांचें महत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतें असें नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत दिनचर्या सांगतांना पादत्राण हें डोळ्यांना हितकर, पायांची पीडा टाळणारें आणि बळ देणारें म्हणून गौरविलें आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वांत तर छत्री आणि वहाण ह्यांच्या जन्माची कथाच आहे. जमदग्नि बाण सोडीत असत आणि रेणुका ते वेंचून आणीत असे. भर दुपारीं तिचे पाय पोळले, ती झाडाच्या सावलींत क्षणभर थांबली, आणि परत येण्यास उशीर झाला. कारण कळतांच जमदग्नि सूर्यावर बाण रोखून उभे राहिले. तेव्हां सूर्यानें शरण येऊन छत्र आणि वहाणा त्यांच्या हातीं दिल्या. कथा पौराणिक असली तरी तिच्यांतला विचार व्यवहाराचा आहे. पाय पोळतो तेथें वहाण हवी. सावलींत तिचें काम नाहीं.

म्हणूनच वहाण ही बाहेर पडणाऱ्याची वस्तु ठरली. स्मृतिकारांनीं ब्रह्मचाऱ्याला जोडा आणि छत्री हीं दोन्ही वर्ज्य सांगितलीं. गुरुगृहींचा काळ संपून सोडमुंज झाली, म्हणजे स्नातकानें पायांत जोडा घालावा, हातांत छत्री घ्यावी आणि संसाराकडे वळावें. जोड्याचा संस्कार आपल्याकडे होता तो हा; पण तो दीड वर्षाच्या बाळाचा नव्हे, मिसरूड फुटलेल्या तरुणाचा! घरांतलें बाळ शेणानें सारवलेल्या जमिनीवर पांगुळगाडा धरून चालावयास शिके. त्याच्या पायांत आपण वाळे घातले, तोरड्या घातल्या, घुंगरू बांधले. तळवा मात्र उघडाच ठेवला.

ह्या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर हा इतिहास अर्धा राहील. कित्येक घरांत मूल वाढून म्हातारें झालें तरी पायांत जोडा आला नाहीं, आणि त्याचें कारण केवळ दारिद्र्य नव्हतें. अस्पृश्य मानलेल्या माणसानें वरिष्ठ वस्तींतून जातांना वहाण पायांतून काढून हातांत घ्यावी, असा दंडक देशांत कित्येक ठिकाणीं होता. त्यांतला विपर्यास असा कीं, ढोरानें कातडें कमवावें, चांभारानें जोडा शिवावा, साऱ्या गांवाचे पाय सांभाळावे, आणि त्याच माणसाला उंबरठ्याबाहेर उभें करावें. परळच्या दामोदर हॉलमध्यें १९२४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचें काम सुरू झालें. त्या परिसरांतल्या चाळींत कोंकणांतून आणि देशावरून आलेलीं असंख्य कुटुंबें राहत होतीं. गांवीं वहाण हातांत घेऊन चाललेल्या बापानें शहरांत आपल्या मुलाच्या पायांत बूट चढविला, तर तो नुसता लाड नव्हता. गिरगांवांतल्या कारकुनाच्या हौसेचें माप त्याला लावतां येणार नाहीं.

ही कारकुनाची हौस कशी उपजली, तेंही पाहण्याजोगें आहे. आपला पुणेरी जोडा पायांतून सहज निघतो. देवळांत, घरांत, वडिलांसमोर तो काढून ठेवणें हाच शिष्टाचार. विलायती बूट नाडीनें घोट्याशीं आंवळलेला. चारचौघांत तो काढणें साहेबाच्या शिष्टाचारांत बसत नसे. मग कचेरींत जाणाऱ्या एतद्देशीयानें काय करावें? १८५४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ठराव करून विलायती बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांना सरकारी प्रसंगीं ते पायांत ठेवण्याची मुभा दिली. देशी जोडा घालणाऱ्यानें मात्र तो पूर्वींप्रमाणेंच बाहेर काढावयाचा होता. १८६२ मध्यें सुरतेच्या न्यायालयांत असेसर असलेले माणेकजी कावसजी एंटी ह्या पारशी गृहस्थांनीं पादत्राणें उतरविण्यास नकार दिला, आणि तें प्रकरण बरेंच गाजलें. वाद वरवर पायांचा दिसला तरी तो मानाचा होता. जोडा दाराबाहेर राहतो, बूट आंत जातो, हें एकदां ध्यानांत आल्यावर बूट म्हणजे इंग्रजी विद्या, बूट म्हणजे नोकरी, बूट म्हणजे प्रतिष्ठा, असें समीकरण शहरांत रुजलें.

बापाला बूट कचेरीनें दिला आणि मुलाला तो बापाच्या हौसेनें मिळाला. जुन्या घरांतल्या छायाचित्रांच्या पेट्या उघडल्या म्हणजे हें बाळ भेटतें : डोक्यावर जरीची टोपी, अंगांत झालरीचें झबलें, पायांत मोजे, त्यांवर तकतकीत बूट, आणि चेहऱ्यावर नुकतेंच आंवरलेलें रडूं. छायाचित्रकारानें तें रडूं अनोळखी माणसाच्या भीतीचें समजलें असेल. पण त्यांत बुटांचाही कांहीं वांटा असावा, अशी शंका येते.

गंमत अशी कीं, आपण ज्या काळांत हा बूट मोठ्या आदरानें स्वीकारला, त्याच काळांत युरोपांतले शारीरशास्त्रज्ञ त्याच्याविरुद्ध लिहीत होते. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डाव्या-उजव्या पायांचे बूट बहुधा एकाच सरळ सांच्यावर बनत. पाय वांकडा म्हणून बूट वांकडा करावा, हें कारागिरांना मानवलें नव्हतें. पेत्रुस कांपर ह्या डच शारीरशास्त्रज्ञानें १७८१ च्या सुमारास जोड्याच्या योग्य आकारावर प्रबंध लिहिला. झुरिकच्या हेरमान फोन मायर ह्यांनीं १८५८ मध्यें त्याच विषयावर पुस्तिका काढून दाखविलें कीं, टोंकदार बूट अंगठ्याला आंत रेटतो आणि सारें पाऊल बिघडवितो. मुंबईच्या बाजारांत बुटाबरोबर हा इशारा मात्र आला नाहीं.

तथापि सारें खापर हौसेच्या माथीं फोडणें न्यायाचें नव्हे. शहराची जमीनच पालटली होती. १८७४ मध्यें घोड्यांची आणि १९०७ मध्यें विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यांवर धांवूं लागली. १८९६ मध्यें मांडवींत प्लेग उघडकीस आला आणि १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते आणि नव्या चाळी उभ्या राहिल्या. दादर-माटुंग्याची वसाहत आंखली गेली. परळ-लालबागेंत गिरण्यांची धुराडीं दाटलीं. शेणानें सारवलेलें अंगण गेलें; त्याच्या जागीं चाळीची गॅलरी, फरशीचा जिना आणि त्याखालीं लगेच रस्ता आला. ह्या रस्त्यावर खिळे होते, काचा होत्या, कारखान्यांतले लोखंडाचे तुकडे होते, उन्हानें तापलेलें डांबर होतें. अनवाणी पायाला खिळा लागला कीं धनुर्वाताची धास्ती. त्यांतच १८९८ च्या सुमारास कैरो येथें आर्थर लूस ह्या जर्मन संशोधकाच्या ध्यानांत आलें कीं, अंकुशकृमीचीं पिल्लें पोटांत जातात तीं तोंडावाटेच असें नव्हे. दूषित ओल्या मातींतून तीं माणसाच्या कातडीला भेदून आंत शिरतात. म्हणजे अनवाणी पाय हाच रोगाचा दरवाजा ठरला. शहरांतल्या मुलाला घराबाहेर जोडा हवा, ही गोष्ट आतां हौसेची उरली नाहीं.

पुढें शाळेनें त्या गरजेला शिस्त दिली. १९२५ मध्यें मुंबईच्या एफ आणि जी विभागांत, म्हणजे परळ-दादरच्या बाजूलाच, प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. १९३१ मध्यें बाटा कंपनीची हिंदुस्थानांत नोंदणी झाली आणि कलकत्त्याजवळ बाटानगर वसलें. यंत्रावरचा, रबरी तळाचा, ठराविक किंमतीचा तयार जोडा मध्यमवर्गाच्या आवांक्यांत आला. ह्या बदलांत एक सूक्ष्म गोष्ट हरपली, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. चांभार कागदावर पाऊल ठेवावयास सांगे, त्याभोंवतीं रेघ ओढी, आणि त्या रेघेवरून जोडा शिवी. तेथें पाय आधीं आणि जोडा मागून. दुकानांत मात्र जोडा आधींच तयार असतो आणि पायानें आपला क्रमांक शोधावयाचा असतो. मोठ्या माणसाचा पाय कुरकुर करतो. दीड वर्षाच्या मुलाला ती कुरकुर शब्दांत सांगतां येत नाहीं.

तयार बुटाबरोबर एक मतही आलें. लहान मुलाचा घोटा कच्चा असतो, त्याला कडक तळाचा आणि उंच घोट्याचा बूट घातला म्हणजे पाऊल सुडौल होतें, असें तें मत. पाश्चात्य देशांत तें अनेक पिढ्या चाललें आणि तिकडून आपल्या घरांत आलें. शास्त्राचें नांव घेऊन किती भलतें होऊं शकतें ह्याचा दाखला म्हणून एक यंत्र सांगतों. १९२० नंतर अमेरिकेंत आणि इंग्लंडांत बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांच्या पेट्या बसविल्या गेल्या. मुलानें पाय आंत घालावा आणि आईनें वरच्या झरोक्यांतून बुटांतलीं हाडें पाहावीं! मुलांना मौज वाटे, दुकानदाराचा खप वाढे. किरणांचा अपाय ध्यानांत आल्यावर १९५० नंतरच्या दशकांत हीं यंत्रें एकामागून एक बंद पडत गेलीं. त्या पेटीनें हाडें दाखविलीं खरीं. पण ज्या वयाच्या मुलासाठीं ती वापरावयाची, त्या वयांत पायाचा बराच भाग अजून कूर्चेचाच असतो, आणि कूर्चा त्या किरणांत दिसत नाहीं. सर्वांत कोंवळें, सर्वांत लवकर दबणारें, तेंच अदृश्य राहिलें.

तर मग खरें काय? पूर्ण वाढलेल्या पावलांत सव्वीस हाडें असतात. बाळाच्या पावलांत त्यांपैकीं पुष्कळ पूर्ण घट्ट झालेलीं नसतात. त्याच्या तळव्याखालीं चरबीची गादी असते, म्हणून पाऊल सपाट दिसतें. तो दोष नव्हे. कमान पुढें हळूहळू उठते, आणि ती उठते बोटांनीं जमीन धरून, चवड्यावर उभें राहून, चढून-उतरून. १९८९ मध्यें अमेरिकेंत वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सपाट पावलांच्या १२९ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. खास बूट आणि आंतल्या गाद्या तीन वर्षें वापरूनही, त्या न वापरणाऱ्या मुलांपेक्षां निराळा परिणाम दिसला नाहीं.

आपल्या अधिक जवळचा पुरावा मंगळूरचा आहे. राव आणि जोसेफ ह्या शल्यविशारदांनीं चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांचे पायांचे ठसे तपासून १९९२ मध्यें निष्कर्ष छापला. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट पावलें शेंकडा ८.६ आढळलीं, अनवाणी मुलांत शेंकडा २.८. सर्व बाजूंनीं बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत अधिक, सपाता-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. १९९५ मध्यें तेथूनच १,८४६ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. सहाव्या वर्षाच्या आंत जोडा घालूं लागलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३.२४, तर सोळाव्या वर्षापासून पुढें सुरुवात केलेल्यांत १.७५ होतें. अशा पाहणीवरून जोडा हेंच एकमेव कारण, असें सिद्ध होत नाहीं. शिवाय बहुतेक सपाट पावलें दुखतही नाहींत. पण कडक बुटावांचून पाऊल घडत नाहीं, ह्या जुन्या मताला ह्या आंकड्यांत कोठेंच आधार नाहीं, एवढें निश्चित.

एका बाजूला रस्त्यावरचा खिळा, दुसऱ्या बाजूला कोंवळी कमान. ह्यांतून वाट काढतांना मुंबईच्याच एका प्रयोगाची आठवण उपयोगी पडते. १९०७ मध्यें मारिया मॉंटेसोरी ह्यांनीं आपलें पहिलें बालगृह काढलें तें रोमच्या सान लोरेंझो भागांत, कामकऱ्यांच्या चाळवजा इमारतींत. त्यांच्या साधनांत लांकडी चौकटींवर ताणलेलीं कापडाचीं व कातड्याचीं पानें होतीं : एकीवर गुंड्या, एकीवर नाड्या, एकीवर बुटाच्या गुंड्या. कपडे आणि जोडे मुलानें आपल्या हातांनीं घालावे-काढावे, म्हणून ही तयारी. मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम करून परत आल्या आणि १९३६ मध्यें त्यांनीं दादरच्या हिंदु कॉलनींत शिशुविहार सुरू केला. ह्या पद्धतीचें मर्म इतकेंच कीं, मुलाच्या अंगावर कांहीं लादण्यापूर्वीं ती वस्तु त्याच्या हातीं द्यावी. जोड्याच्या बाबतींत तर हें अक्षरशः खरें आहे. जो जोडा मुलानें हाताळला, उलटा-सुलटा केला, बाहुलीला घालून पाहिला, त्याच्याशीं त्याचें वैर राहत नाहीं.

ह्या साऱ्या इतिहासांतून घरांतल्या माणसांना जें घेतां येईल, तें असें. मूल आधार न घेतां घराबाहेर चार पावलें टाकूं लागेपर्यंत त्याला कडक तळाच्या जोड्याची गरज नाहीं. तो आणावयाचा तेव्हां मुलाला बरोबर न्यावें, आणि शक्यतों संध्याकाळीं न्यावें. दिवसभरांत पाय किंचित् फुगतो. उभें करून दोन्ही पायांचें माप घ्यावें, कारण दोन्ही पाय नेहमीं सारखे नसतात. जोडा मोठ्या पायाच्या मापाचा असावा. लांब बोटापुढें आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. त्याहून अधिक नको. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, वाढत्या अंगाचा जोडा चालत नाहीं. सैल जोड्यांत मूल बोटें आंवळून चालतें आणि ठेचाळतें. तळ हातांत घेऊन वांकवून पाहावा; तो चवड्यापाशीं लवला पाहिजे, मध्यें मोडतां कामा नये. पुढचा भाग रुंद असावा, टाच जवळजवळ सपाट असावी. थोरल्या भावंडाचा उतरलेला जोडा काटकसरीचा वाटतो. पण त्याच्या तळाला दुसऱ्याच पायाचें वळण पडलेलें असतें.

पहिले आठ दिवस जोडा रस्त्यावर नेऊंच नये. गॅलरींत किंवा खोलींत, मूल पोटभर जेवून खुशींत असतांना, दहा मिनिटें घालावा, मग काढावा. नवा तळ जड असतो आणि जमीन पायाला कळेनाशी होते. म्हणून मूल कोंबड्यासारखे पाय उचलून टाकतें. तें हंसण्यासारखें दिसतें खरें, पण हंसूं नये. हात धरून ओढूंही नये; समोर दोन पावलांवर बसून बोलवावें. रोज थोडा वेळ वाढवावा. जोडा काढल्यावर टाच, करंगळी आणि अंगठ्याची कड पाहावी. लाल खूण थोड्या वेळानें विरली तर ठीक. राहिली किंवा फोड आला, तर जोडा चुकला, मूल नव्हे. कातड्याचा जोडा चावत असेल तर आमच्या आज्या वादीला खोबरेल चोळून ठेवीत. तो उपाय आजही वाईट नाहीं. दोन-तीन महिन्यांनीं माप पुन्हां घ्यावें, कारण ह्या वयांत पाय जोड्याची वाट पाहत नाहीं. मूल चालतांना लंगडत असेल, पाय दुखतो म्हणून रडत असेल, किंवा पाऊल जन्मतःच वांकडें असेल, तर घरगुती तर्क न करतां डॉक्टरांकडे जावें. ह्या शहरांत परळचें वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांसाठींच उभें आहे.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ पसरली. सांचलेल्या पाण्यांतून तो रोग पायाच्या जखमेवाटे शिरतो. हिंदमाता-परळच्या सखल भागांत पाणी तुंबलें असतां लहान मुलाला कोणत्याही जोड्यानिशीं त्यांतून चालवूं नये, कडेवर घ्यावें. आणि भिजलेला जोडा पुरता सुकल्याशिवाय पायांत घालूं नये.

सर्वांत मोठा उपाय मात्र आपल्याकडे आधींपासूनच आहे, आणि तो म्हणजे उंबरठा. बाहेर जोडा, आंत अनवाणी, ही रीत आपण सोंवळ्यासाठीं पाळली असेल, सवयीनें पाळली असेल. पण बाळाच्या पायाला हवें तेंच तिनें दिलें आहे. रस्त्यावर रक्षण, घरांत मोकळीक. पाश्चात्य वैद्यांनीं बराच फेरा घालून हाच सल्ला दिला आहे. विलायती बूट घेतांना साहेबासारखा तो दिवसभर पायांत ठेवण्याची हौस आपण केली नाहीं, हें बरेंच झालें.

त्याच उंबरठ्यानें दुसरें एक कामही केलें, तें विसरतां येणार नाहीं. जोडा शिवणाऱ्याला त्यानें बाहेर ठेवलें. २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचें ठरविलें, तेव्हां एका फार जुन्या अन्यायाची थोडी भरपाई झाली. ज्यांच्या आजोबांना वहाण हातांत घेऊन चालावें लागलें, त्यांचीं नातवंडें बूट वाजवीत शाळेंत जातात.

बापाचा जोडा मुलाला येऊं लागला म्हणजे मुलाला मित्रासारखें वागवावें, असें आपल्याकडे म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधीं, बाहेर काढून ठेवलेल्या जोड्यांत बाळ आपले इवलेसे पाय घालून उभें राहतें आणि पडतें. त्या वेळीं त्याला रागावूं नये. जोड्याची ओळख तें आपण होऊन करून घेत असतें. आपण फक्त जवळ बसावें.